पाळण्याचं दुसरं टोक

"अहो, नुसते बघत काय उभे राहिलात? ते टोक धरा."

दारातल्या उंच माणसाने मुकाट्याने पाळण्याचं दुसरं टोक धरलं. बाक ठोकायला बोलावलेला सुतार वेळेआधी आला याचं तिला नवल वाटलं, पण विचारायला फुरसत कुणाला होती? दोघांनी मिळून सगळे पाळणे अडगळीच्या खोलीत लोटले. शेवटच्या पाळण्यात त्याची बाही अडकली. तिने ती सोडवली, वर पाहिलं... तो आधीच तिच्याकडे बघत होता.

"हे लपवायचे कशाला?"

"तपासनीस येणार आहेत. असणार कुणीतरी खडूस म्हातारा. वर्ग नीटनेटका दिसायला नको?"

"खडूस आहे खरा," तो हातावरची धूळ झटकत म्हणाला. "म्हातारा व्हायला मात्र... अजून थोडा अवकाश आहे."

म्हणजे हा सुतार नव्हताच!

आता खरी गंमत ऐका. ती गणित शिकवायची. वस्तीतल्या आया पहाटेच कामावर जायच्या आणि धाकटी भावंडं मुलींच्या गळ्यात पडायची. मग कसली शाळा? म्हणून तिने सांगून टाकलं, बाळाला घेऊनच या. मागे पाळणे, पुढे अपूर्णांक. मुली येऊ लागल्या, पास होऊ लागल्या. अनुदान मागितलं होतं ते यासाठीच. मिळालं तर बाळं सांभाळायला एक मावशी ठेवता येणार होती, नाहीतर हा उद्योग बंद. पण तपासणी म्हटली की शाळेला धडकी भरायचीच. "वर्ग वर्गासारखा दिसू दे," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि बाळांना घरी थांबवलं गेलं. जे दाखवायचं, तेच कुलपात!

वर्गात अर्धे बाक रिकामे होते.

"बाकीच्या मुली?" त्याने विचारलं.

"आजारी आहेत."

"सगळ्या?"

"साथ आलीये."

जाताना त्याने फक्त अडगळीच्या दाराकडे पाहिलं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग सुरू झाली तगमग. अनुदानाचा निकाल लागेपर्यंत पाळणे बाहेर काढायचे नाहीत, असं मोठ्या बाईंनी बजावलं होतं. परीक्षा तोंडावर आलेली आणि मुली घरी. तिला ना बसवेना, ना उभं राहवेना. बरोबर आलेली गणितं तिने चूक दिली, पुन्हा खोडून बरोबर केली.

"वाट अनुदानाची बघतेस की तपासनिसाची?" वहिनीने विचारलं.

"अनुदानाची."

"मग खिडकीतून काय बघतेस? अनुदान काय चालत येतं?"

"वहिनी, तू पण ना..." पण खिडकी काही तिने सोडली नाही.

आणि एका दुपारी तो खरंच शाळेत आला. चालत.

"तुमची फाइल मी सोडून दिली," दारातूनच त्याने सांगितलं.

तिचा चेहरा उतरला, मग तापला. "एका खोट्यासाठी? शिक्षा करायची तर मला करा. त्या पोरींनी काय घोडं मारलंय तुमचं?"

"ऐकून तर घ्या—"

"काय ऐकू? वर्ग खोटा होता, मुली खऱ्या आहेत!"

"माहितीये. मी वस्तीत गेलो होतो. दारादारात कडेवर बाळ आणि तोंडाने अपूर्णांक." तो थांबला. "फाइल आता आमच्या मॅडमकडे आहे. उद्या येतील. माझ्यापेक्षा खडूस आहेत."

"पण तुम्ही का सोडली?"

"नियम आहे. ज्या शाळेत आपलं माणूस असतं, ती शाळा आपण तपासायची नाही."

"या शाळेत तुमचं कोण आहे?"

तो बाहीशी चाळा करू लागला. "अजून... कुणी नाही. तेच विचारायला आलो होतो."

आठवडाभर खिडकी का सुटत नव्हती, ते तिला आत्ता नीट कळलं. मग तिने टेबलावरची किल्ली उचलली आणि मोठ्या बाईंच्या दारावरून, त्यांना दिसेल अशीच, चालत अडगळीच्या खोलीकडे निघाली.

"मॅडम उद्या येणार ना? मग सगळं दिसू दे. रडारडीसकट."

"आणि... माझं उत्तर?"

तिने कुलूप काढलं, पहिला पाळणा ओढला आणि न वळताच म्हणाली,

"नुसते बघत काय उभे राहिलात? ते टोक धरा."