खोळंबा डाव कोणाचा

कोल्हापुरात आता कुस्तीला माती लागत नव्हती. मनगटाला पट्टी बांधायची, मैदानात उभं राहून हात हवेत फिरवायचे, की पडद्यावरचे दोन मल्ल तेच डाव टाकायचे. माती गेली, पण तालमींचं वैर गेलं नाही. जित्याची खोड ती!

सध्याचं भांडण 'खोळंबा' नावाच्या डावावरून पेटलं होतं. हात डावीकडे झेपावतो, मध्येच क्षणभर थांबतो आणि मग पुढे जातो. त्या क्षणात समोरचा फसतो. गजेंद्र तालीम म्हणे, हा आमच्या भैरू चौगुलेंचा. तोफखाना तालीम म्हणे, आमच्या सिकंदर मुलाणींचा. चाहत्यांनी एकमेकांची डोकी फोडली, तेव्हा पंचांनी दोघांच्या पट्ट्या, त्यांतल्या जुन्या नोंदींसकट, नसांच्या तज्ज्ञ डॉ. मृणालिनी सबनीसांकडे तपासायला दिल्या.

भैरू आपल्या मुलीला, कस्तुरीला घेऊन निकाल ऐकायला आले. पंचावन्न वर्षांच्या या माणसाने एकही गदा जिंकली नव्हती. कुस्तीगीर संघाच्या शिसवी फळीवर डाव शोधणाऱ्यांची नावं कोरली जात. तिथे आपलं नाव यावं, एवढीच त्यांची आस होती.

"डाव तुमचाच," डॉक्टर म्हणाल्या. "सिकंदररावांच्या चार वर्षं आधीचा."

"बघ कस्तुरे! म्या काय सांगत हुतो?"

"थांबा, पुढचं ऐका. मेंदू हाताला हुकूम सोडतो, तो नसांतून विजेसारखा जातो. पट्टी तो हुकूम टिपते आणि हाताची हालचालही. सिकंदररावांचा मेंदू 'थांब' म्हणतो, म्हणून हात थांबतो. तुमचा मेंदू 'चल' म्हणत असतो, तरीही हात थांबतो."

"म्हंजे?"

"म्हणजे हुकूम वाटेतच अडकतो. हा नसांचा आजार आहे, भैरूराव. याच महिन्यात इंजेक्शनं सुरू केली तर हात वाचेल. उशीर झाला तर गेलेली नस परत येत नाही."

"इंजेक्शन घेटल्यावर खोळंबा ऱ्हाईल?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. नस दुरुस्त झाली की तो क्षणही जाणार होता. नक्कल करता आली असती, पण मग पट्टीत मेंदूचा 'थांब' दिसला असता आणि डाव सिकंदररावांचा ठरला असता. आणि संघाचा नियम जुना होता: नाव कोरण्याआधी डाव पंचांपुढे मैदानात करून दाखवायचा. मैदान दोन महिन्यांनी होतं.

"मग मैदान झाल्यावर घेतो," भैरू म्हणाले. "आनि कागदावर आजाराचं लिवू नगासा."

"आबा, फळीला काय चाटायचं हाय?" कस्तुरी रडत म्हणाली. "हात गेला तर जेवनार कशानं?"

"गप. हात समद्यास्नी अस्तोय."

डॉक्टरांनी परोपरीने समजावलं. पण आजार ज्याचा, तो सांगायचा की नाही ही मर्जीही त्याचीच. त्यांनी आजार वगळून निकाल लिहिला, आणि त्यानंतर कित्येक दिवस त्यांना स्वतःचीच चीड येत राहिली.

मैदान खच्चून भरलं. हलगी कडाडली. भैरूंचा हात डावीकडे झेपावला, थांबला, आणि पुढे गेलाच नाही. पडद्यावरचा मल्लही तसाच तिष्ठत राहिला. प्रतिस्पर्धी बावचळून तोल जाऊन पडला. गजेंद्रच्या पोरांनी भैरूंना खांद्यावर घेतलं. त्यांना वाटलं, वस्तादांनी नवा डाव काढला! आठवड्याभरात गल्लोगल्ली पोरं हात हवेत ताठ धरून उभी राहू लागली.

डॉक्टर चौगुल्यांच्या घरी गेल्या, तेव्हा कस्तुरी बापाला भाकरीचा घास भरवत होती. उजवा हात मांडीवर निपचित पडला होता. इंजेक्शनं सुरू झाली होती, पण आता त्यांचा उपयोग नव्हता.

डॉक्टरांच्या पिशवीत तोफखाना तालमीचा अर्ज होता. हात पुढे न नेण्याचा नवा डाव सिकंदररावांनी सरावात आधीच केला होता असा दावा होता, आणि त्याची तपासणी व्हावी, अशी मागणी होती. त्यांनी चाचरत ते सांगितलं. वाटलं, आता तरी हा माणूस रडेल.

भैरूंनी तोंडातला घास घाईघाईने गिळला.

"म्याडम," ते म्हणाले, "तारखा नीट बघा. आधी माजाच हात गेलाय."