सतापाला कुणाची नजर?

“लोण्याचा गोळा? सतापाच्या वाफ्यात?” एलादियो ओरडला. “अगं ताई, रोपं मरतायत, त्यांना न्याहारी कसली देतेस?”

“हळू बोल रे, भोंग्या!” निमियानं दटावलं. “ठेव ती बशी कुंपणाजवळ.”

त्यांच्या देशात जुलैत हिवाळा असतो; त्या सुट्टीत ही भावंडं सेफेरिनामावशीकडे आली होती. मावशी कोपऱ्यावर बसून औषधी पाला ठेचून विकायची. एक ऑगस्टला सतापाचा उग्र पाला घातलेलं कडू पेय पोटात गेलं की वर्ष सुखाचं जातं, असं सगळं गाव मानायचं. त्या दिवशी मावशीकडे रांग लागे. आता एक तारीख पाच दिवसांवर आली होती आणि सतापच मान टाकत होता!

त्यात शेजारचे अनास्तासियोकाका दिसेल त्याला सांगत सुटले, “त्या घरावर वाईट नजर आहे. उगाच सताप मरत नाही!” झालं, गिऱ्हाइकं दुसऱ्या गल्लीत जाऊ लागली. दिवसभर मावशीच्या टेबलापाशी कुणी फिरकलं नाही, तेव्हा निमियाला रडूच आलं.

“नजर काय फक्त कुंपणाकडच्या रोपांना लागते?” ती म्हणाली. “आणि पानं बघ, शिजलेल्या भाजीसारखी लिबलिबीत झालीत!”

दुसऱ्या दिवशी सकाळी हातपाय गारठून गेले होते, तरी दोघं वाफ्याकडे पळाली. लोणी वितळून बशीभर पसरलं होतं!

“एवढ्या थंडीत?” एलादियोचे डोळे विस्फारले. “आणि ही वर पत्ती, माते नावाच्या चहाची!”

निमियानं कुंपणापलीकडे बोट दाखवलं. काका डिसेंबरात, ऐन उन्हाळ्यात इथे राहायला आले होते. रोज सकाळी ते कुंपणाला पाठ करून माते पीत बसत आणि किटलीत उरलेलं पाणी मागे न बघताच खांद्यावरून भिरकावत.

“उन्हाळ्यात ते हेच माते बर्फाच्या पाण्यात घालून, तेरेरे करून प्यायचे, तेव्हा रोपं खूश!” निमिया म्हणाली. “आता किटलीत कढत पाणी असतं.”

“चल, सांगू या त्यांना!”

“ते कबूल करणार आहेत का? त्यापेक्षा तो जुना पत्रा आण.”

पुढच्या सकाळी पत्रा वाफ्यावर आडवा होता. मावशी आणि गल्लीतल्या दोन बायकांना निमियानं बघायला बोलावलं होतं.

ठण्ण! पत्र्यावरून वाफ निघू लागली. कुंपणावर काकांचं डोकं उगवलं. “कोण आहे रे तिकडे?”

“नजर आहे, काका!” एलादियो म्हणाला. “तुमच्या किटलीतून आली!”

बायका खो खो हसल्या. काकांनी पत्र्याकडे पाहिलं, किटलीकडे पाहिलं आणि ते कानापर्यंत लाल झाले. “सेफेरिनाबाई, चुकलो. आणि वर तुमच्याच नावानं बोंबलत फिरलो.”

“मग आता उलटे फिरा,” मावशी शांतपणे म्हणाली. “जिथे जिथे बोललात, त्या प्रत्येक दारात.”

काका खरंच दारोदार फिरले. एक तारखेला रांग पार चौकापर्यंत गेली! कुंपणापासून लांबची रोपं शाबूत होती, त्यांचा सताप सगळ्यांना पुरला.

“चाळीस वर्षं झाडपाल्यात काढली, पण मलाही नजरच वाटली होती,” मावशी सगळ्यांदेखत म्हणाली. “या पोरांनी डोळे उघडे ठेवले. शाबास रे!”

मग तिनं काकांसमोर काठोकाठ भरलेला पेला ठेवला. काकांनी एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

“एवढा मोठा? नजर उतरायला का?”

“नाही हो,” मावशी म्हणाली, “जीभ आवरायला!”