भिंतीपलीकडची चूळ

नळातून दोन थेंब पडले, एक सुस्कारा आला आणि पाणी गेलं. कात्रीच्या तोंडाला साबण तसाच होता.

"गेलं?" तिने डोळे मिटूनच विचारलं.

"गेलं," मुंगी म्हणाली.

"वाजले किती?"

"साडेअकरा."

"काल बारा वाजले होते. अशीच प्रगती राहिली तर पुढच्या आठवड्यात आपण उठायच्या आधीच पाणी जाईल. मग तोंड धुवायची कटकटच मिटली."

आक्काने पिण्याच्या पिंपातून पेलाभर पाणी आणून तिच्या ओंजळीत ओतलं.

सुट्टीत वसतिगृहात या तिघीच उरल्या होत्या. बाकीच्या साठ मुली घरी गेल्या होत्या. आक्का सगळ्यांत मोठी. तिच्या वडिलांची बदली झाली होती आणि नवं घर अजून मिळालं नव्हतं. मुंगी सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत गप्प. तिच्या घरी धाकट्या भावाला गोवर आला होता. कात्री का राहिली हे विचारलं की ती दर वेळी निराळं कारण सांगायची, म्हणून कोणी विचारत नसे. तिला कात्री म्हणायचे ते तिच्या जिभेमुळे. रेक्टरबाईंच्या मते वसतिगृहाचे दोनच शत्रू होते, धूळ आणि ही मुलगी. धूळ निदान झटकता यायची.

व्हरांड्यातून रेक्टरबाईंचा आवाज आला. तिघी दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. बाईंसमोर माळीकाका हातात टोपी घेऊन उभे होते.

"टाकी आठ हजार लिटरची. रोज सकाळी पंप लावून मी ती काठोकाठ भरते. मुली तीन. मग दुपारच्या आत पाणी जातं कुठे?"

"मला माहीत नाही, बाई. बागेच्या नळाला तुम्ही चार दिवसांपूर्वी कुलूप घातलंत. चावी तुमच्याकडेच आहे."

"आणि तुमचं लिंबाचं झाड? सगळी बाग करपली आणि ते एकटं हिरवंगार. ते काय हवा खाऊन जगतंय?"

माळीकाकांनी टोपीवरची माती झटकली. कात्री बोलली.

"बाई, आठ हजार लिटर पाणी बादल्यांनी न्यायचं तर काकांना हात निदान सहा लागतील. मी दोनच मोजले."

"तुला कोणी विचारलं?"

"कोणीच नाही. इथे विचारायची पद्धतच नाही."

"जेवणघराच्या सगळ्या खिडक्या पुसायच्या. आत्ता."

"पुसते. पण कोरड्याच पुसाव्या लागतील."

रेक्टरबाई माळीकाकांकडे वळल्या. "सोमवारी शाळेच्या मोठ्या बाई परत येताहेत. मी त्यांना सगळं सांगणार आहे. तुम्ही सामान आवरून ठेवलेलं बरं."

तो शनिवार होता.

*

दुपारी तिघी माळीकाकांच्या खोलीकडे गेल्या. खोली बागेच्या टोकाला होती. आत एक खाट, अवजारांची फळी आणि एक स्टोव्ह. काका चहा करत होते. त्यांनी दोन कप काढले, मग एक परत फळीवर ठेवला. तेवढ्यात त्यांना मुली दिसल्या.

"काका, तुम्ही खरंच जाणार?" आक्काने विचारलं.

"जा म्हटलं तर जावंच लागेल."

"कुठे?"

"ते ठरवायचंय." त्यांनी स्टोव्ह बंद केला. "माणसाचं काय, कुठेही राहतं. झाड नेता येत नाही."

लिंबाचं झाड खोलीपासून दहा पावलांवर होतं, वसतिगृहाच्या जुन्या बाजूच्या भिंतीला लागून. ही बाजू दुरुस्तीसाठी महिन्याभरापूर्वी बंद केली होती. दुरुस्ती अर्धी झाली, सुट्टी लागली आणि दाराला कुलूप लागलं.

"हे आमच्या हिने लावलं," काका म्हणाले. "इथे आलो त्या वर्षी. ती गेली त्याला आता दीड वर्ष झालं." ते खाली वाकले आणि बुंध्याशी बोट मातीत खुपसलं. बोट मुळापर्यंत ओलं निघालं. "हे बघा. मी थेंब घातलेला नाही आणि माती चिखलासारखी. बाईंना झाड हिरवं दिसतंय. मला खालची पिवळी पानं दिसताहेत. लिंबाचे पाय सतत ओले राहिले तर ते कुजतात. चोरून पाणी घालणारा मी असतो, तर इतकं घातलं असतं का?"

"हे बाईंना का नाही सांगितलंत?" कात्रीने विचारलं.

"त्यांनी नाव झाडाचं घेतलं, पण विचारलं माझ्याबद्दल."

कात्री भिंतीकडे बघत राहिली. मग तिने मान वर केली आणि खिडक्या मोजल्या.

"या भिंतीच्या पलीकडे जुनी बाजू. तिच्या पलीकडे आपली अभ्यासाची खोली. बरोबर?"

"बरोबर," आक्का म्हणाली. "का?"

"मी त्या खोलीच्या भिंतीबद्दल लिहिलं होतं. तक्रारवहीत. त्यासाठी मला शंभर ओळी लिहायची शिक्षा झाली होती, म्हणून लक्षात आहे."

*

तक्रारवही व्हरांड्यात खिळ्याला टांगलेली असायची. ती कोणी वाचत नसे. कात्रीची एक तक्रार तेवढी रेक्टरबाईंनी वाचली होती आणि त्या पानावर कोरा कागद चिकटवून टाकला होता. बाईंचा डिंकावर फार विश्वास होता.

मुंगीने वही काढून खिडकीशी नेली आणि ते पान उन्हासमोर धरलं. पानाच्या मागच्या बाजूला काही लिहिलेलं नव्हतं. कागदाखालची अक्षरं हळूहळू वर आली. तिने वाचून दाखवलं:

"'अभ्यासाच्या खोलीच्या भिंतीपलीकडे कोणीतरी दिवसभर चूळ भरत आहे. तिकडे कोणी राहत नाही असे आम्हाला सांगण्यात आले आहे. जे कोणी राहत नाही, त्यांना कृपया एकदा थुंकायला सांगावे.'"

आक्काला हसू आवरेना. "तारीख काय?"

"जुनी बाजू बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवसाची," मुंगी म्हणाली.

रविवारी सकाळी, टाकीत पाणी असतानाच, तिघी अभ्यासाच्या खोलीत गेल्या. मुंगीने पेला भिंतीला लावला आणि पेल्याला कान लावला. आत कोणीतरी चूळ भरत होतं. महिना झाला तरी थुंकलं नव्हतं.

"म्हणजे पाणी तिथे वाहतंय," आक्का म्हणाली. "पण मग सुट्टीच्या आधी कमी का नाही पडलं?"

"तेव्हा पंप दोनदा लागायचा," मुंगी म्हणाली. "आता एकदाच लागतो."

कात्रीने तिच्याकडे पाहिलं. "तू महिन्यात चार वाक्यं बोलतेस, पण कामाची बोलतेस."

*

आक्का नियमाने वागणारी होती. आधी बाईंना सांगायचं, असं तिने ठरवलं. तिथूनच तिघी रेक्टरबाईंच्या खोलीत गेल्या.

"जुनी बाजू?" बाई म्हणाल्या. "प्लंबर सगळं तपासून गेलाय. त्याने कुलूप लावून चावी दिल्यावर मी स्वतः उघडून आत जाऊन पाहिलं आणि सही केली."

"एकदा उघडून बघूया ना, बाई," आक्का म्हणाली.

"भिंतीला कान लावून चौकशी करायची नसते. जा."

मुंगी मात्र बाईंच्या मागच्या फळीकडे बघत होती. तिथे चाव्यांच्या रांगेत एक पाकीट लटकत होतं. त्यावर प्लंबरच्या वेड्यावाकड्या अक्षरात 'जुनी बाजू, एकच चावी' असं लिहिलं होतं. खाली कुलूप लावल्या दिवसाची तारीख होती. पाकीट चिकटवलेलं होतं, आणि ते कुठेही फाटलेलं नव्हतं.

बाहेर आल्यावर कात्री म्हणाली, "आवाज हा पुरावा नाही. ओली माती काकांच्याच अंगावर शेकेल. बाईंना डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी हवं. कपडे धुवायच्या खोलीत निळीचा डबा आहे ना? पांढऱ्या गणवेशांना लावतात ती नीळ?"

"तू टाकीत नीळ टाकणार?" आक्का जागच्या जागी थांबली.

"पाणी कुठे जातं हे पाण्यालाच विचारायचं. त्याला आधी रंग द्यायचा, म्हणजे ओळखू येईल."

आक्काने एकदा गच्चीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आधी पिण्याचं पिंप आणि स्वयंपाकघरातली सगळी भांडी भरून घ्यायची. नाहीतर मी येणार नाही."

"म्हणूनच तू आक्का," कात्री म्हणाली. या वेळी ती टोमणा मारत नव्हती.

*

सोमवारी सकाळी सहाला पंप लागला. सातला टाकी भरली. तोवर आक्काने पिंप आणि सगळी भांडी भरून झाकून ठेवली होती. मग तिघी गच्चीवर गेल्या. कात्रीने टाकीचं झाकण सरकवलं आणि पूर्ण डबा आत उपडा केला. मुंगीने लांब काठीने पाणी ढवळलं. ते आधी ढगासारखं झालं, मग दौतीतल्या शाईसारखं.

साडेनऊला मोठ्या बाई आल्या. त्या हातातली पेटी खाली ठेवतात न ठेवतात तोच रेक्टरबाई व्हरांड्यात आल्या. त्यांच्या हातात ओली चादर होती. चादर निळी होती. कपाळावरच्या पांढऱ्या बटा निळ्या होत्या.

"हे कोणी केलं?"

"मी," कात्री म्हणाली.

"आम्ही," आक्का म्हणाली. मुंगीने मान हलवली.

मोठ्या बाईंनी चादरीकडे पाहिलं, मग मुलींकडे. "का?"

"माळीकाकांवर पाणी चोरल्याचा आळ आहे," कात्री म्हणाली. "लिंबाचं झाड तेवढं हिरवं आहे, हा पुरावा. आज टाकीचं पाणी निळं आहे. बागेच्या नळाला कुलूप आहे. आता लिंबाखालचं पाणीही निळं निघालं, तर ते तिथे काकांशिवाय पोचतंय. तुम्ही बघायला याल का?"

सगळे लिंबापाशी गेले. माळीकाका सामान बांधत होते. त्यांना बोलावलं. त्यांनी खुरप्याने बुंध्यापासून वीतभर अंतरावर खड्डा केला. खड्ड्यात पाणी जमायला लागलं. पाणी तपकिरी होतं.

रेक्टरबाईंनी चादर दुसऱ्या हातात घेतली.

"थांबा," काका म्हणाले. त्यांनी भिंतीच्या बाजूने आणखी खोल खणलं. खुरपं एका फुटक्या पाइपाला लागलं. त्यातून पाण्याची बारीक धार आली आणि खड्ड्याची ती बाजू निळी झाली. हळूहळू सगळा खड्डाच निळा झाला.

"हा पाइप जुन्या बाजूतून येतो," काका म्हणाले. "वरची छोटी टाकी ओसंडली की जादा पाणी यातून गटारात जातं."

"तिथे काही ओसंडत नाही," रेक्टरबाई म्हणाल्या. "मी स्वतः आत जाऊन पाहिलंय."

मोठ्या बाई थांबल्या. त्या क्षणी त्या रेक्टरबाईंवर विश्वास ठेवतील असं मुंगीला वाटलं. ती कात्रीकडे बघत होती, पण कात्रीला चावीचं माहीतच नव्हतं.

"नाही पाहिलं," मुंगी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"जुन्या बाजूची चावी एकच आहे. प्लंबरने ती पाकिटात चिकटवून दिली. ते पाकीट अजून कोणी फोडलेलं नाही. फळीवर आहे, तिसऱ्या खिळ्याला."

मोठ्या बाईंनी पाकीट मागवलं आणि सगळ्यांसमोर फाडलं.

*

जुन्या बाजूच्या न्हाणीघरात पोटमाळ्यावर एक छोटी टाकी होती. टाकी भरली की पाण्यावरचा चेंडू वर येतो आणि पाणी बंद होतं. प्लंबरने नवा पाइप धुऊन काढायला तो चेंडू सुतळीने खाली बांधून ठेवला होता आणि सोडायला विसरला होता. महिनाभर पाणी आत येत होतं आणि बाहेर जात होतं. माळीकाकांनी सुतळी कापली. चेंडू वर आला. चूळ थांबली.

रेक्टरबाई म्हणाल्या, "जिने चढायचे होते. गुडघे दुखत होते. प्लंबर सांगतोय ते खरंच असेल, असं वाटलं." मग त्यांनी बागेच्या कुलपाची चावी काढून काकांच्या हातात दिली. "चुकलं माझं."

"असू दे," काका म्हणाले.

मोठ्या बाईंनी तिघींना समोर उभं केलं. "शंका आली तेव्हा तुम्ही आधी मोठ्यांना सांगितलंत, ते चांगलं केलंत. मोठ्यांनी ऐकलं नाही तेव्हा शोध घेतलात, ते त्याहून चांगलं. आक्का, पिंप भरून ठेवायचं सुचलं हे मी विसरणार नाही. आणि तू," त्या मुंगीला म्हणाल्या, "असंच बोलत जा. निळ्या झालेल्या चादरी मात्र तिघींनी धुवायच्या."

"धुवायला पाणी आहे, हेच पुष्कळ," कात्री म्हणाली.

"आणि तुझी ती तक्रारवही मला आणून दे."

*

संध्याकाळी माळीकाकांनी तिघींना चहाला बोलावलं. बांधलेलं सामान परत फळीवर गेलं होतं. कप दोनच होते. एक काकांनी घेतला, दुसरा तिघींत फिरला.

"झाड जगेल ना?" आक्काने विचारलं.

"महिनाभर त्याला पाणी द्यायचं नाही. मग बघू." काकांनी बाहेर नजर टाकली. "आमची हीसुद्धा जास्तच पाणी घालायची. त्यातूनही जगलंय ते."

मुंगी उशिरा आली होती. तिने येताना व्हरांड्यात वही पाहिली होती. मोठ्या बाईंनी किटलीच्या वाफेवर धरून चिकटवलेला कागद सोडवला होता आणि वही परत खिळ्याला टांगली होती.

"तुझ्या तक्रारीखाली मोठ्या बाईंनी उत्तर लिहिलंय," ती कात्रीला म्हणाली. "तारीख घालून, सहीसकट."

"किती ओळी दिल्या या वेळी?"

"एकच ओळ आहे. 'संबंधितांना थुंकायला सांगण्यात आले आहे.'"

कात्रीने तोंड उघडलं आणि मिटलं. कप तिच्या हातात तसाच राहिला. चहा निवेपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही.