फळीतली जागा

सुधीर मेहेंदळ्यांनी निवृत्तीनंतर डोंबिवलीच्या फ्लॅटची गॅलरी अडवून तिथे स्क्रोल सॉ, लाकडात नक्षी कापायचं मशीन, बसवला, तेव्हा सुमतीताईंनी एवढंच विचारलं, की कपडे आता कुठे वाळत घालायचे. तो प्रश्न अजून सुटलेला नाही. जन्मभर कारखान्यात ड्रॉइंग काढलेला माणूस. अर्ध्या मिलिमीटरची चूक डोळ्यात खुपायची. मशीनचं दोऱ्यासारखं बारीक पातं लाकडात वळणं घेत फिरायला लागलं की सुधीररावांना जेवणाचीही शुद्ध राहत नसे.

घराच्या किल्ल्या अडकवायच्या फळ्या करायचे ते. फळीत घरातल्या प्रत्येकाची बोटभर उंचीची रंगवलेली बाहुली, हात जोडून उभी. ती त्याच फळीतून कापलेली, म्हणून आपल्या खाचेत घट्ट बसायची. तिलाच अडकवलेली घराची किल्ली. बाहेर जाताना आपली बाहुली न्यायची, आल्यावर परत बसवायची. कोण घरात आहे ते फळीकडे पाहून कळावं, एवढाच हेतू. ठाण्यात टेंभी नाक्याच्या नवरात्रात या फळ्या हातोहात गेल्या होत्या.

जानेवारीत त्यातलीच एक फळी घेऊन सगुणाबाई आल्या, दिवा स्टेशनजवळच्या गावातून. बरोबर मुलगा कमलेश. फळीत खाचा पाच होत्या, बाहुल्या चार.

"आमचा म्हातारा दोन म्हयने झाले, गेलाय," सगुणाबाई म्हणाल्या. "किल्ली घेऊन गेला तो गेलाच. यो खड्डा मना बगवत नाय, भाऊ. दुसरी बाहुली करून द्या."

"पोलिसात दिलंय, काका," कमलेश म्हणाला. "बाबा विसरायला लागलेले. आई दिवसभर त्या फळीसमोर बसून असते. तिच्या समाधानासाठी करून टाका."

सुधीररावांनी कमलेशच्या वडिलांचा, राघोंचा, फोटो मोबाईलवर घेतला आणि लगेच कामाला लागले. फोटोचा प्रिंट लाकडावर पालथा चिकटवायचा, वाळला की ओल्या बोटाने कागद चोळून काढायचा. शाई लाकडावर राहते, तिच्यावर रंग भरायचा. असा छाप डाव्याचा उजवा उमटतो, म्हणून प्रिंटआधी फोटो उलटा करून घ्यावा लागतो. बाहेर सगुणाबाई ताटकळत बसल्या होत्या. घाईत ती एक पायरी राहून गेली, आणि सुधीररावांच्या ते लक्षातही आलं नाही. हात जोडलेली आकृती दोन्हीकडून सारखीच. ती खाचेत चपखल बसली. सगुणाबाई बाहुलीवरून अंगठा फिरवत रडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलेशचा फोन आला. "काका, बाबा आले. दार उघडलं तर समोर उभे."

योगायोग, असं सुधीरराव सुमतीताईंना म्हणाले. पण मनातून त्यांना फार बरं वाटलं होतं.

आठवड्याने सगुणाबाई एकट्याच आल्या. चहा समोर ठेवलेला गार झाला.

"त्याच्या डाव्या गालावर चामखील होती. आता उजव्या हाय."

"या वयात होतो गोंधळ, सगुणाबाई."

"चाळीस वर्सं बघतेय तो गाल." त्या थांबल्या. "जेवतो डाव्या हातानं. पन मना नावानं हाक मारतो, भाऊ. दोन वर्सं मारत नव्हता. आता सगल्यांची नावं सांगतो, एक पन चुकत नाय. यो त्योच हाय ना?"

त्या गेल्यावर सुधीररावांनी मोबाईलमधला फोटो उघडला. चामखीळ डाव्या गालावर. आणि मग त्यांना तो पालथा प्रिंट आठवला. आधी फक्त आपल्या हलगर्जीची लाज वाटली. भीती नंतर आली, आणि ती जेवताना, झोपताना बरोबर राहिली.

दोन दिवसांनी दुपारी रंगाची डबी आणि बारीक ब्रश घेऊन ते दिव्याला गेले. उजवीकडची चामखीळ पुसून डावीकडे काढायची, दोन मिनिटांचं काम, असं स्वतःला बजावत. जुनी जमीन गेली त्या जागी उभा राहिलेला टॉवर, सातवा मजला. दार राघोंनीच उघडलं, डाव्या हाताने.

"या मेहेंदळे," ते म्हणाले. दोघांची याआधी कधीच भेट झालेली नव्हती.

राघोंच्या अंगाला ताज्या पॉलिशचा वास होता.

सुधीरराव सरळ फळीकडे गेले; सगुणाबाई आणि कमलेश तिथेच बसले होते. बाहुली काढायला नख घातलं, ते घसरलं. पुन्हा घातलं. इतर चार बाहुल्यांभोवती पात्याची रेघ स्पष्ट होती. राघोंच्या बाहुलीभोवती नव्हती. लाकडाचे तंतू फळीतून सरळ बाहुलीत गेले होते.

तेवढ्यात कमलेशचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्याने आईकडे पाहिलं.

"आई, कल्याणहून, एका आश्रमातून. एक म्हातारा आहे त्यांच्याकडे. मुठीत बाहुली आहे, तिला किल्ली. किल्लीवर आपला फोन नंबर."

सगुणाबाई उठल्या. धावतच दाराशी गेल्या, एक चप्पल पायात सरकवली.

कमलेशने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून थकलेला आवाज आला. "गोदा? ए गोदा."

गोदा ही राघोंची बहीण, लहानपणीच वारलेली.

सगुणाबाईंचा हात कडीवर होता.

"सगुणा," आतून राघो म्हणाले. "भात टाक. भूक लागली."

सुधीररावांना ओरडून सांगायचं होतं, जा म्हणून, आत्ता जा. त्यांनी रंगाची डबी खिशात सरकवली.

सगुणाबाईंनी पायातली चप्पल काढली.

"सांग त्यांना," त्या कमलेशला म्हणाल्या, "आमचा म्हातारा घरी हाय."

कमलेशने तसं सांगितलं. फोन बंद होईपर्यंत पलीकडचा म्हातारा गोदाला हाका मारत होता.