थांबवलेल्या चौकटीतली बाई

पडद्यावरच्या बाईची उजवी पापणी डावीपेक्षा किंचित उशिरा मिटायची.

एवढा बारीक फरक माझ्या धाकट्या बहिणीने टिपला होता. पुढे मी तो स्वतः पाहिला. तसं दिसणं शक्य नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी रसायनशास्त्र शिकलेय. सिनेमांच्या संग्रहालयात जुनी फिल्म किती कुजली ते तपासते. तरीही हे घडलं, आणि भर दुपारी घडलं.

बहीण आता घरी असते. वेळेवर जेवते. आई खूश आहे.

मी नाही.

ती एका नावाजलेल्या स्वीडिश दिग्दर्शकावर प्रबंध लिहीत होती. चेहऱ्यावर कॅमेरा रोखून ठेवण्याची त्याची पद्धत, हा तिचा विषय. त्याच्या एका सिनेमाची प्रत आमच्या संग्रहालयात होती. तिथल्या तळघरातल्या खोलीत, फिल्म पाहायच्या टेबलावर ती रोज एकच प्रसंग लावायची. खिडकीशी बसलेली बाई. बस्स.

प्रबंधाची मुदत उलटून गेली. हातातली नोकरी गेली. पोरगी निम्मी झाली.

"त्या बाईच्या तोंडाकडे बघून पोट भरतं का गं तुझं?" आई तिला फोनवर म्हणायची. "संपव तरी, नाहीतर सोड तरी."

"ठरवते गं."

ठरवत मात्र काहीच नव्हती.

त्या दुपारी मी तिला जेवायला बोलवायला खाली गेले. खोलीत रिळांचा आवाज नव्हता...

म्हणजे फिल्म थांबवलेली. दिव्याच्या उष्णतेने फिल्म वाकते, म्हणून एक चौकट फार वेळ धरून ठेवायची नाही, हा आमचा पहिला नियम.

"अगं, जाळशील ती."

"बघ तरी, ताई."

छोट्या पडद्यावर तो चेहरा. स्थिर. आणि मग...

पडद्यावरच्या बाईने डोळे मिटले. आधी डावा. मग उजवा.

दिवा लुकलुकला असेल, म्हणून मी दिवा बदलला. पुन्हा तेच. फिल्म काढून उजेडावर धरली, भिंगातून पाहिली. अख्ख्या प्रसंगात मिटलेला डोळा कुठेच नव्हता.

मी फिल्म परत चढवली. तीच चौकट पडद्यावर आणली.

"आधी मी डोळे मिटले की ती मिटायची," बहीण म्हणाली. "आता तिला माझी गरज लागत नाही."

"मग निदान आजवरचा पगार दे म्हणावं तिला," मी हसून म्हटलं.

ती हसली नाही. तेव्हा लक्षात आलं... मी आल्यापासून तिची पापणी एकदाही लवली नव्हती.

आणि कुणीतरी श्वास घेत होतं.

टेबलाच्या स्पीकरची तार काढलेली होती. आवाज तिथूनच येत होता. मी माझा श्वास रोखला. बहिणीच्या नाकापुढे हात धरला...

हाताला श्वास लागला नाही.

मी विजेचं मुख्य बटण खाली ओढलं. मिट्ट काळोख. स्पीकरमधला श्वास थांबला. बहिणीच्या खुर्चीत कुणीतरी खोल, लांब श्वास घेतला. बुडता बुडता वर आल्यासारखा. मग एका हाताने माझं मनगट घट्ट धरलं.

"चल, घरी जाऊ," मी म्हटलं.

मनगट न सोडता ती खुर्चीतून उठली, पण उत्तर तिथून आलं नाही.

उत्तर आलं ते टेबलाकडून. त्या मुक्या स्पीकरमधून. बहिणीच्या आवाजात, अगदी शांतपणे...

"ताई, ठरलं माझं. तू जा. मी इथेच राहते."