कण्याचं लाकूड

"मी अजून आंधळा झालेलो नाही!"

आबांनी हातातला चहाचा पेला असा आपटला, की निम्मा चहा टेबलावर सांडला आणि कडेवरून ओघळत त्यांच्याच गुडघ्यावर ठिबकू लागला... पण तो त्यांना दिसला नाही. थोरली सून फडकं घेऊन पुढे आली आणि मुकाट्यानं टेबल पुसू लागली. गुडघ्यावर पडणाऱ्या चहाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. आबांच्या डोळ्यांबद्दल बोलायचं नाही, हा त्या घराचा अलिखित कायदाच होता.

"तसं नाही म्हणत मी, आबा," धाकटा मुलगा चाचरत म्हणाला. "माझी पहिली नाव आहे. कण्याचं लाकूड आणायचंय. वहिनी बरोबर असल्या तर..."

"तिचं काय काम वखारीत? माझ्या एका पोराला पाण्यात धाडलं तिनं. आता दुसऱ्यालाही धाडायचंय का तिला?"

फडकं धरलेला हात क्षणभर थबकला... आणि पुन्हा फिरू लागला.

सहा वर्षं ती हे ऐकत आली होती! कधी जेवताना, कधी शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर, कधी नुसत्या एका उसाशातून. आणि सहा वर्षं तिच्या तोंडाला कुलूप होतं. त्या कुलपाची किल्ली तिच्याच जवळ होती. पण ती फिरवली तर समोरचा हा म्हातारा जागच्या जागी कोसळेल, हेही तिला ठाऊक होतं.

आबांइतका नाव बांधणारा त्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. 'आबांच्या नावेत शिरायचं तर पाणीसुद्धा आधी परवानगी मागतं,' असं लोक गमतीनं म्हणत. नावेच्या तळाशी आडवं पडलेलं ते एक सलग लाकूड, कणा, ते तर आबा कधी दुसऱ्याला निवडूच देत नसत. थोरल्या मुलाच्या नावेचा कणाही त्यांनीच पारखून आणला होता.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी वारा बरा नव्हता. "आज राहू दे," असं आबा म्हणालेही होते. पण थोरला हसत हसत निघाला. "तुम्ही बांधलेली नाव आहे, आबा. मला कसली भीती!" दुपारी दुसऱ्या नावेतल्या माणसांनी त्याला किनाऱ्यावर आणलं, तेव्हा श्वास चालू होता. ती धावत पोचली. लोक दोऱ्या, घोंगड्या, डॉक्टर असं ओरडत इकडेतिकडे पळत होते आणि त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. तो जे बोलला ते फक्त तिच्या कानांनी ऐकलं.

"कणाच उभा उलला गं... लाकूड आतून फुटकं होतं. आबांना सांगू नकोस. त्यांचे डोळे अधू झालेत... त्यांना कळलं तर ते जगायचे नाहीत."

मग आबा आले. पोटच्या पोराचा निश्चल देह पाहून त्यांनी जो आकांत केला, त्यानं दगडालाही पाझर फुटला असता! आणि रडता रडता ते एकाएकी गप्प झाले, पाण्याकडे पाहत पुटपुटू लागले, "पण माझी नाव बुडेलच कशी? माझी नाव... तिचा कणा..." त्यांचा विचार कुठल्या वाटेनं चाललाय ते तिला दिसलं. मांडीवर नवऱ्याचं डोकं तसंच धरून ती म्हणाली,

"मी पाठवलं त्यांना. तुम्ही नको म्हणालात, पण मीच म्हटलं, जा."

विचार तिथंच तुटला. आबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं... आणि त्या दिवसापासून आबा तिच्यावरच्या रागावर जगू लागले. म्हातारा माणूस काठीवर भार टाकतो तसा त्यांनी सगळा भार त्या रागावर टाकला होता. ती काठी काढून घेण्याचा तिला धीर झाला नाही. ती त्याच घरात राहिली, त्यांचं जेवणखाण बघत राहिली, अंगणातल्या कारखान्यात नावांच्या सांध्यांत कापूस आणि राळ ठासत राहिली. नवऱ्यासाठी तिला मोकळेपणानं रडताही आलं नाही. ज्या बाईनं नवऱ्याला मरणाच्या तोंडी दिलं, तिनं रडायचं कोणत्या तोंडानं?

पण आज गोष्ट वेगळी होती. आज धाकट्याच्या नावेचा कणा निवडायचा होता.

"आबा," धाकटा पायताण चढवता चढवता म्हणाला, आणि त्याचा आवाज नेहमीपेक्षा घट्ट होता, "वहिनी येणार. नावेत मी बसणार आहे. तेवढं तर मी ठरवीन."

आबा तणतणत पुढे निघाले. ती दोघांच्या चार पावलं मागून चालू लागली.

वखारीत पाऊल टाकलं की आधी भुश्शाचा गोडसर, ओला वास नाकात भरायचा आणि मग करवतीचा आवाज कानठळ्या बसवायचा. पत्र्याच्या छपराखाली मोठी करवत गरगर फिरत होती, भुश्शाचे ढीग गुडघ्यापर्यंत साचले होते आणि मोकळ्या आवारात ओंडके थरांनी रचून ठेवले होते. ऊन लागून टोकं तडकू नयेत म्हणून प्रत्येक ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना लाल रंग फासलेला होता.

"या आबा, या!" वखारवाला लगबगीनं पुढे आला. गोल चेहऱ्याचा, सदा भुश्शानं पांढरा झालेला माणूस. "तुम्ही आलात की माझे ओंडके पोटं आत घेऊन सरळ उभे राहतात बघा!"

आबा कितीतरी दिवसांनी हसले. मग ते कामाला लागले. एकेका ओंडक्यावरून त्यांचा हात फिरू लागला. साल चाचपायची, गाठी मोजायच्या, वाकून वास घ्यायचा, बोटाच्या पेरानं ठोकायचं आणि कान लावायचा. तो हात अजूनही जाणत्याचा होता... पण शेजारी करवत किंचाळत होती. त्या कोलाहलात ठोक्याचा आवाज ऐकू येणं अशक्यच होतं, आणि 'जरा करवत थांबवा' असं म्हणणं म्हणजे डोळ्यांवर आता भरवसा राहिला नाही हे चारचौघांत कबूल करणं!

"हा," आबा अखेर म्हणाले. एक लांबसडक, सरळसोट ओंडका होता तो. "याच्यासारखा आवारात दुसरा नाही."

धाकट्याचा चेहरा उजळला. खरंच देखणं लाकूड होतं. ती मात्र ओंडक्याच्या तोंडाशी खाली बसली. लाल रंगाचा थर एका जागी चंद्रकोरीसारखा किंचित खोलगट दिसत होता. तिनं नख लावलं. रंगाची खपली निघाली आणि खाली गाभ्याभोवती फिरत गेलेली एक केसासारखी काळी रेघ दिसली... अशा रेघेच्या आत लाकूड थरांनी सुटत गेलेलं असतं. वरून राजबिंडं, आतून फुटकं!

तिच्या कानात नवऱ्याचे शब्द घुमले. 'कणाच उभा उलला गं...'

"आबा," ती म्हणाली, "हे लाकूड नको."

सहा वर्षांत प्रथमच ती त्यांच्या शब्दाला आडवी गेली होती. आबा सावकाश वळले.

"काय म्हणालीस?"

"आत चीर आहे, आबा. दुसरं बघू या."

"तू मला लाकूड शिकवणार?" आबांचा आवाज करवतीच्याही वर चढला. वखारीतली माणसं हातातली कामं टाकून पाहू लागली. "माझा मुलगा खाल्लास, आता माझी विद्याही खायला निघालीस? हाच ओंडका जाईल! आत्ताच्या आत्ता गाडीवर चढवा!"

ती उठली नाही. तिनं दोन्ही हातांनी तो ओंडका कवटाळला. एका बाजूला या वृद्ध जिवाचं उरलंसुरलं आयुष्य आणि दुसऱ्या बाजूला धाकट्याचा कोवळा प्राण... गप्प राहावं तर हा बुडणार, बोलावं तर ते! देवा, एकाच माणसाच्या पदरात एवढं घालू नये रे कोणी! पण सत्य न सांगताही लाकूड अडवता येईल, असं तिला वाटलं आणि ती म्हणाली,

"इथंच कापा हा ओंडका, सगळ्यांसमोर. लाकूड चांगलं निघालं तर मी आजच घर सोडून जाईन. पुन्हा तुम्हाला तोंड दाखवणार नाही, आबा."

"वहिनी!" धाकटा ओरडला. "काहीतरीच काय बोलताय!"

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" आबा म्हणाले. "कापा!"

ओंडका साखळीनं ओढत करवतीपाशी नेला. पातं लाकडात शिरलं. सुरुवातीला आवाज एकसारखा, भरीव येत राहिला. आबांनी छाती पुढे काढली. तिनं डोळे मिटून घेतले. आणि मग... करवतीचा सूर एकदम बदलला. भरीवपणा गेला आणि फुटक्या भांड्यासारखा खडखडाट सुरू झाला. फळी सुटली ती डब्याचं झाकण निघावं तशी, आणि गाभ्याभोवतीच्या फटीतून काळा भुसा भसाभस खाली पडला.

वखारवाल्यानं करवत बंद केली. "माझंही लक्ष गेलं नाही हो," तो ओशाळून पुटपुटला.

त्या शांततेत आबा एकेक पाऊल टाकत पुढे आले. त्यांनी हात लावला. बोटं त्या चिरेत पेरापर्यंत आत गेली आणि तिथंच राहिली. मग मागच्या मागे एका ओंडक्यावर मटकन बसले.

"त्याचाही कणा मीच निवडला होता," ते म्हणाले. आवाज इतका लहान होता की तो आबांचा वाटेना. "तेव्हाही करवत चालू होती."

तिनं चपापून त्यांच्याकडे पाहिलं.

"थोरले, इकडे ये. माझ्यापुढे बस. त्या दिवशी त्याला तू पाठवलंस?"

"हो आबा," ती लगेच म्हणाली. "मीच."

आबांनी मान हलवली. त्यांच्या निस्तेज डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"जी बाई नवऱ्याला पाण्यात लोटते, ती दिरासाठी आपलं छप्पर पणाला लावत नाही, पोरी. हे मला सहा वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. माझे डोळे नंतर गेले. अक्कल आधीच गेली होती! सांग... मला खरं काय ते सांग."

आणि मग तिचा बांध फुटला! इतकी वर्षं उरात कोंडलेले अश्रू उसळून आले. आबांच्या पायाशी, भुश्शात बसून ती नवऱ्यासाठी रडली... पहिल्यांदा, मोकळेपणानं, सगळ्यांदेखत. हुंदके आवरत तिनं सारं सांगितलं. धाकटा खांबाला टेकून, तोंडावर हात दाबून ऐकत होता. वहिनीला बोल लावले जात असताना आपण जेवणाच्या ताटावरून एकदाही मान वर केली नाही, हे त्याला आज असह्य होत होतं.

"शेवटच्या श्वासालाही माझीच काळजी केली त्यानं?" आबा म्हणाले. "आणि तू ती पुढे चालवलीस... मी तुला रोज टोचत राहिलो, आणि तू मला रोज सांभाळत राहिलीस!" त्यांनी हात जोडले. तिनं झटकन ते हात धरून खाली केले.

"असं नका करू, आबा. तुम्ही जगायला हवे होतात, एवढंच हवं होतं मला. त्यांचं शेवटचं मागणं होतं ते."

"जगेन मी. खोट्याच्या आधारानं इतकी वर्षं काढली, आता खऱ्याच्या आधारानं काढीन. काचेचा नाहीये मी, पोरी. दुखेल... खूप दुखेल. दुखू दे. माझ्या पोराचं दुःख आहे ते, मला माझ्या वाट्याचं घेऊ दे."

धाकटा पुढे आला. "वहिनी, मी..." एवढंच म्हणून तो थांबला, आणि तिनं त्याच्या केसांतला भुसा झटकला.

आबांनी बाहीनं तोंड पुसलं, घसा खाकरला आणि वखारवाल्याला हाक मारली. "करवत बंदच ठेव जरा. मला आता दिसत नाही. लाकूड माझी सून बघेल, मी ऐकेन."

वखारवाला लगेच म्हणाला, "वखार तुमचीच आहे, आबा. दुपारपर्यंत बंद राहू दे. तेवढीच माझ्या कानांना सुट्टी!"

आवारभर दोघं फिरले. ती टोकांचा रंग खरवडून पाहायची, धागे कसे धावतात ते सांगायची. आबा ठोकायचे, ऐकायचे, नको म्हणायचे. एक तिनं नाकारला, दोन आबांनी. एकाबद्दल दोघांचं चक्क भांडण झालं, आणि भांडता भांडता आबा तिला 'हट्टी कुठली!' म्हणाले तेव्हा तिला इतकं बरं वाटलं, की ती मुद्दाम आणखी वेळ भांडली. अखेर मागच्या भिंतीशी एक ओंडका सापडला. दिसायला ओबडधोबड, मधे किंचित वाकलेला. आबांनी ठोकलं. घंटेसारखा स्वच्छ, लांबवर जाणारा नाद आला.

"बाक नावेच्या पोटाला बरोबर बसेल," ती म्हणाली.

"बसेल," आबा म्हणाले. "घेऊ या."

त्या कण्यावर नाव उभी राहिली. धाकट्यानं फळ्या चढवल्या, तिनं सांधे भरले, आणि आबा सगळ्यांना मनसोक्त शिव्या घालत राहिले. एका निवांत सकाळी नाव पाण्यात ढकलली, तेव्हा अर्धा किनारा गोळा झाला होता. धाकट्यानं वल्ही हातात घेतली.

ती मागे, गर्दीच्या आड पाठ करून उभी होती. नावा पाण्यात उतरताना पाहणं तिनं केव्हाच सोडलं होतं.

"थोरले!" आबांची हाक आली. "कुठे आहेस? इथे माझ्याजवळ ये. माझा पोरगा चाललाय आणि मला नुसता उजेड दिसतोय. तू बघ, आणि मला सांग."

ती आली. आबांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तिनं श्वास घेतला आणि मान वर करून समोर पाहिलं. उन्हात चमचमणारं, विस्तीर्ण, अथांग पाणी...

"सांग ना."

"जातेय, आबा," ती म्हणाली. डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत, मिटलेही नाहीत. "अगदी सरळ जातेय. भाऊजी मागे वळून हात हलवताहेत."

"मग तूही हलव की!" आबा म्हणाले.