कापून टाकलेले अकरा सेकंद

"सुकन्या, ह्या पोरीला दम लागायलाय. एकदा जाऊन बघून ये बरं."

मोबाईलमधला मैत्रिणीचा आवाज ऐकून सासूबाई केशरबाई असं म्हणाल्या, तेव्हा सुकन्या हसली होती.

"आई, खुनाचा पिक्चर सांगायलीय ती. धाप टाकूनच सांगावं लागतंय."

"नाटकातला दम मला कळतो गं बाई. हा तसला न्हाई."

सुकन्यानं हेडफोन पुन्हा कानाला लावला.

हे खरं घडलंय. परळीत, मागच्या फेब्रुवारीत, भर दुपारी. ना रात्र होती, ना अंधार. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा... पण शेवटपर्यंत वाचा.

सुकन्या परळीला दिलेली, तिची मैत्रीण वनमाला उमापूरला. बीडच्या कॉलेजात दोघी एका बाकावर बसायच्या. लग्नं झाली, संसार लागले, पण सिनेमाचं वेड सुटलं नाही. मग दोघींनी मोबाईलवर चॅनल काढलं. दर शुक्रवारी नव्या सिनेमांचं परीक्षण, फक्त आवाजात. कार्टूनचे सिनेमे सुकन्याकडं, कारण तिचा दोन वर्षांचा हरिओम दुसरं काही बघूच द्यायचा नाही. खून-दरोड्याचे वनमालाकडं.

गुण कुकरच्या शिट्ट्यांत द्यायच्या. "सुके, हा पिक्चर दोनच शिट्ट्यांचा. इन्स्पेक्टर कच्चा राहिलाय बघ!" ऐकणाऱ्यांना हेच लई आवडायचं.

वनमाला आवाज पाठवायची आणि सुकन्या तो साफ करायची. खोकला आला, काप. कोंबडी ओरडली, काप. बोलता बोलता थांबली, तेही काप. ऐकणारा कंटाळला की निघून जातो.

जानेवारीत वनमालाला मुलगी झाली. नवरा कामाला पुण्यात, सासू-सासरे दिवसभर शेतात. दोन आठवड्यांत ती पुन्हा परीक्षणं पाठवायला लागली. पण आता...

ती थांबायला लागली होती.

वाक्य अर्ध्यात सुटायचं. मग नुसता श्वास. पाच सेकंद. आठ सेकंद. शेवटच्या परीक्षणात सलग अकरा.

सुकन्यानं तो तुकडा बोटानं धरला आणि पुसून टाकला. पूर्ण ऐकलाही नाही.

सासूबाई बोलल्या तो हाच दिवस.

चारच दिवसांनी, मंगळवारी, उमापूरहून फोन आला. बाळंतपणानंतरचा ताप वनमालानं अंगावर काढला होता. कुणाला सांगितलं नव्हतं.

वनमाला गेली.

दोन शुक्रवार चॅनल बंद राहिलं. तिसऱ्या शुक्रवारी सुकन्या एकटीच बसली. खोलीचं दार लावलं, डोक्यावरून गोधडी घेतली. वीज केंद्राची राख नेणाऱ्या ट्रकांचा आवाज येऊ नये म्हणून ती नेहमी असंच करायची. हरिओम आजीजवळ झोपला होता.

सिनेमा कळपातून चुकलेल्या शेळीच्या करडाचा होता. सहा मिनिटं ती न थांबता बोलली. थांबलं की रडू येईल, म्हणून.

मग ऐकायला लावलं.

करडू आईला शोधत ओढ्यापाशी येतं, इथपर्यंत ठीक.

आणि पुढं...

शांतता.

शांततेत श्वास. जड, तुटका.

सुकन्यानं आकडे बघितले. अकरा सेकंद.

ती तर थांबलीच नव्हती!

तिनं सगळं पुसलं. पुन्हा बोलली. पुन्हा त्याच जागी... अकरा सेकंद.

या वेळी तिनं तुकडा कापला नाही. आवाज वाढवला.

आधी श्वास. मग लांब कुठंतरी कोंबडी. मग तान्ह्या लेकराचं किरकिरणं. आणि अगदी शेवटी, हळू...

"सुके... पोरगी उचलवना गं मला. येशील का?"

उमापूर काही सातासमुद्रापलीकडं नव्हतं. सकाळची एसटी धरली असती, तर जेवणाच्या वेळेला पोचली असती.

दार वाजलं.

"सुकन्या, आत कोण बोलायलंय गं?"

तिनं गोधडी बाजूला केली आणि हेडफोन सासूबाईंच्या कानाला लावला. केशरबाईंनी ऐकलं. काढून हातात दिला. डोळ्याला पदर लावून हरिओमच्या उशाशी जाऊन बसल्या.

'मी सांगितलं होतं' असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता सुकन्या महिन्यातून दोनदा उमापूरला जाते. पोरगी बाळसं धरायलीय, हसायला लागलीय. पण शुक्रवार आला की परीक्षणात ते अकरा सेकंद येतातच. ती कापत नाही. तसेच ठेवते.

परवाच्या शुक्रवारीही आले.

पण या वेळी...

श्वास वनमालाचा नव्हता.

कोंबडी नव्हती. लेकरू नव्हतं. कुरकुरणारा पंखा होता, आणि एक अनोळखी बाई फोनवर कुणाला तरी सांगत होती, "बरी आहे मी. खरंच बरी आहे." मग फोन ठेवल्याचा आवाज. आणि मग दाबलेला हुंदका.

सुकन्यानं तो आवाज घरात सगळ्यांना ऐकवला. कुणालाच ओळखू येत नाही.

तुम्हाला येईल कदाचित. तुमची बहीण असेल, वहिनी असेल, जुनी मैत्रीण असेल. या आठवड्यात तुम्हाला कोण म्हणालं, "बरी आहे मी"?

तिला फोन करू नका. फोनवर ती बरीच असते.

जाऊन या.